धरणारा

राजमती मगदूम पहिल्यांदा दुकानात आली
ती चेन तुटली म्हणून.
समडोळीपासून ढकलत आणलेली सायकल,
हाताला वंगण, कपाळालाही,
आणि तोंडात एकच : "चाचा, किती वेळ लागंल?"
पुढची सोळा वर्षं ती मला हेच विचारत राहिली.

दुकान हळदीच्या पेठेत.
तिचं ट्रॅकचं पहिलं चाक मी रात्री सरळ केलं,
पेठ बंद झाल्यावर,
एकेक स्पोक नखानं वाजवत.
चुलता मिरजेत तंबोऱ्याच्या तारा लावायचा,
तो कान माझ्याकडं आला, गळा नाही आला.
एक स्पोक बद्द बोलला की समजायचं,
चाक वळणावर खोटं बोलणार.

ह्या सायकलला ब्रेक नाही, सांगितलं.
फ्रीव्हील नाही. तू पाय थांबवलेस
तरी ती थांबत नाही, फेकून देते.
पहिल्याच दिवशी तिनं पाय थांबवले.
कोपर फुटलं. मातीतनं उठत म्हणाली,
"खरंच की."

लोकांना वाटतं स्प्रिंट म्हणजे सुसाट सुटणं.
दोघी निघतात त्या बारशाला निघाल्यासारख्या.
पुढची मान वळवून मागं बघते,
मागची बघते तिच्या खांद्याकडं.
पुढं जाणारीनं वारा कापायचा,
मागचीनं तो आयता खायचा,
म्हणून पुढं कुणालाच जायचं नसतं.
मग वर, भिंतीसारख्या चढावर,
एकजण उभीच राहते. सायकलवर.
चाक बोटभर पुढं, बोटभर मागं.
राजमती उभी राहिली की
कृष्णेच्या उथळातला बगळा.
समोरचीला ते सोसायचं नाही, ती निघायची,
आणि निघाली तिथंच हरायची.
उरलेलं म्हणजे दोनशे मीटर,
अकरा सेकंद आणि वर थोडं.

माझं काम शिट्टीपर्यंत खोगीर धरणं.
"धरा, पण ढकलू नका," ही तिची अट.
हाताला कळायचं सगळं :
ताप आहे, झोप नाही,
घरात लग्नाचं बोलणं चाललंय.
एकदा तर सबंध सायकल थरथरत होती
आणि चेहरा असा, जणू एसटीची वाट बघतेय.

चार वेळा देशात पहिली.
परदेशात एकदाच गेली, एकोणिसावी आली,
येताना माझ्यासाठी एक पाना आणला.
हसळीचं हाड दोनदा मोडलं.
गावात ट्रॅक्टरवरनं मिरवणूक निघाली तेव्हा
सरपंच म्हणाले, पोरी, एवढ्या जोरात
बिनब्रेकची कशी गं चालवतेस?
"सवय हाय, अण्णा." गुलाल डोळ्यात गेला होता,
सगळ्यांना वाटलं रडतेय.

शेवटची शर्यत मात्र कुणी मला विचारत नाही.
समोर तासगावची एकोणीस वर्षांची पोर,
तिच्या चाकाचे स्पोकही मीच ओढलेले.
दोघी वर जाऊन थांबल्या.
राजमती उभी. पोरगीही उभी.
मी मोजत होतो : वीस, तेवीस, सव्वीस.
पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.
अठ्ठाविसाव्याला निघाली ती
राजमती.
मी पान्यांची पिशवी भरायला घेतली.

आता ती रेल्वेत आहे. मिरज जंक्शन,
काळा कोट, तिकीटं बघते.
विनातिकीटवाले पळतात, ती पळत नाही म्हणे,
जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

परवा फाटक पडलं होतं.
फटफट्या, उसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांचे पाय जमिनीला,
आणि मधोमध एक साधी सायकल,
तिच्यावर एक बाई, डबा हँडलला,
चाक बोटभर पुढं, बोटभर मागं.
माझा हात आपोआप खोगिराकडं गेला,
वीतभर अंतरावर थांबला.
तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.
काखेखालनं बघितलं असणार, तिची जुनी खोड.
"चाचा, किती वेळ लागंल?"

मालगाडी हाय, म्हटलं. डबे मोज.